रॉबर्टचं नियमांचं पुस्तक, बारावी आवृत्ती: अध्यक्ष समितीवर बसू शकतो का, एवढ्या एका प्रश्नावर केलेली पारख

सभा-बैठका कशा चालवायच्या याच्या नियमांचं सातशेहून जास्त पानांचं पुस्तक कोणी सलग वाचत नाही. मीही वाचलेलं नाही. अशा पुस्तकाची पारख एकाच प्रकारे होते. बैठकीत वाद सुरू असताना ते उघडायचं आणि उत्तर किती लवकर आणि किती स्वच्छ मिळतं ते बघायचं. 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर न्यूली रिव्हाइज्ड' या पुस्तकाच्या 2020 साली आलेल्या बाराव्या आवृत्तीबद्दल माझं मत असं: उत्तर स्वच्छ मिळतं, लवकर मिळत नाही. पाचपैकी चार तारे.

मी एका संस्थेच्या संचालक मंडळाची सचिव आहे. आमच्या बायलॉजमध्ये, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत, 'जिथे बायलॉज गप्प आहेत तिथे रॉबर्टचे नियम लागू' असं एक वाक्य आहे. अशी वाक्यं बायलॉज लिहिताना कुठून तरी उचलून टाकलेली असतात. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कोणी बघत नाही. मग एखाद्या दिवशी ती अचानक कामाला येतात. आमच्याकडे निमित्त झालं ते वित्त समितीच्या नावांचं. यादीत मंडळाच्या अध्यक्षांचं नाव आलं आणि टेबलाभोवती तीन मतं तयार झाली. एक संचालक म्हणाले, अध्यक्षाने समितीत बसणं नियमाला धरून नाही, कारण समितीचा अहवाल शेवटी त्यांच्याच समोर येणार. दुसरे म्हणाले, यादीत नाव घालायची गरजच काय, अध्यक्ष सगळ्या समित्यांवर पदसिद्ध असतोच. तिसऱ्या बाई म्हणाल्या, पदसिद्ध असतो, पण पदसिद्ध सदस्याला मत नसतं. तिघंही 'रॉबर्टमध्ये असंच आहे' हे पालुपद जोडत होते. पुस्तक मात्र तिघांपैकी कोणाकडेच नव्हतं.

पुस्तकाप्रमाणे तिघंही चूक निघाले, आणि तेही वेगवेगळ्या कलमांत.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. अध्यक्ष हा मंडळाचा सदस्य असेल, तर सदस्य म्हणून त्याला समितीवर घेता येतं. तो बैठका चालवतो म्हणून त्याचं सदस्यत्व कमी होत नाही, आणि ठरावात नाव घालून त्याला समितीवर नेमण्याच्या आड काही येत नाही. समितीत तो बैठक चालवत नसतो. ते काम समितीच्या अध्यक्षाचं. आपले अध्यक्ष तिथे इतरांसारखेच एक सदस्य: बोलतात, ठराव मांडतात, मत देतात. हे वाचताना सोपं वाटतं, पण दुसऱ्याच्या हातात सूत्रं असताना गप्प बसणं ही कला प्रत्येक अध्यक्षाला साधतेच असं नाही. त्यावर पुस्तकात उपाय नाही. तशी अपेक्षाही नको.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण हा गैरसमज सगळ्यांत पक्का बसलेला असतो. अध्यक्ष आपोआप कुठल्याही समितीवर नसतो. बायलॉजमध्ये तसं लिहिलं असेल तरच तो पदसिद्ध सदस्य होतो. लिहिलं नसेल तर समितीच्या बैठकीत येऊन बसण्याचाही हक्क त्याला केवळ पदामुळे मिळत नाही. समितीने बोलावलं तर येईल. आमच्या बायलॉजमध्ये काय आहे ते पाहिलं, तर तिथे 'प्रेसिडेंट सर्व समित्यांचे पदसिद्ध सदस्य असतील' असं एक वाक्य सापडलं. मग नवाच गुंता. आमच्याकडे प्रेसिडेंट म्हणजे पगारी मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि मंडळाचे अध्यक्ष वेगळे. कित्येक संस्थांत ही दोन पदं एकाच व्यक्तीकडे असतात, म्हणून नमुन्याच्या मसुद्यात एकच शब्द चालून जातो. जिथे पदं वेगळी आहेत तिथे तो हक्क शब्दात ज्याचं नाव आहे त्याचा, खुर्चीत जो बसलाय त्याचा नाही. हे वाक्य वाचल्यावर आमचे अध्यक्ष थोडा वेळ काही बोलले नाहीत. मुख्य कार्यकारी अधिकारी मात्र एकदम ताठ बसले.

आता तिसरा मुद्दा, मताचा. इथे पुस्तक अगदी ठाम आहे. कलम 49 च्या आठव्या परिच्छेदात पदसिद्ध सदस्यांबद्दल सविस्तर सांगितलंय. पदामुळे आलेला सदस्य आणि निवडून आलेला सदस्य यांच्या हक्कांत फरक नाही, मताचा हक्क धरून. 'पदसिद्ध म्हणजे शोभेचा' ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण ती या पुस्तकातून आलेली नाही. फरक पडतो तो कोरममध्ये, म्हणजे बैठकीत निर्णय घ्यायला लागणाऱ्या किमान हजेरीत, आणि तो समजून घेण्यासाठी मला कलम 50 चा सोळावा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागला.

तो असा आहे. बायलॉजमुळे सर्व समित्यांवर पदसिद्ध असलेल्या प्रेसिडेंटला समितीच्या कामात भाग घेण्याचा हक्क आहे, बंधन नाही. बंधन नाही म्हणूनच कोरम किती लागतो हे काढताना त्याला मोजायचं नाही, आणि कोरम झालाय का हे बघतानाही मोजायचं नाही. समजा समितीवर पाच जणांची नेमणूक झालीय. कोरम बहुमताचा, म्हणजे तीन. बैठकीला दोन सदस्य आले आणि तिसरे प्रेसिडेंट आले. खोलीत माणसं तीन, पण कोरम नाही. ठराव करता येणार नाही. आता पाचांपैकी तीन सदस्य आले आणि प्रेसिडेंटही आले, तर कोरम आहे आणि मतं मात्र चार. मतं दोन विरुद्ध दोन पडली तर ठराव फेटाळला जातो, कारण बहुमत झालं नाही.

यामागचं तर्कशास्त्र मला आवडलं. दहा समित्यांवर एकाच माणसाला बसवलं, तर तो दहाही ठिकाणी येणार नाही. त्याला मोजत बसलात तर त्याच्या गैरहजेरीने प्रत्येक समितीचा कोरम अवघड होईल. आणि हजर असताना मोजलात, तर दोन सदस्यांनी प्रेसिडेंटला बोलावून घ्यायचं आणि काम उरकायचं असा रस्ता मोकळा होतो. एका परिच्छेदाने दोन्ही दारं लावली.

पण, आणि हा 'पण' इतिवृत्त लिहिणाऱ्याने नीट लक्षात ठेवावा, हे सगळं सरसकट पदसिद्ध असलेल्या प्रेसिडेंटपुरतं. आमच्या वित्त समितीत अध्यक्षांचं नाव ठरावानेच घातलेलं आहे. ते तिथे नेमलेले सदस्य, त्यामुळे कोरममध्ये मोजले जातात. हजेरीच्या ओळीत दोघांची नावं मी आता वेगवेगळी लिहिते: नेमलेले एका ओळीत, पदसिद्ध दुसऱ्या ओळीत. बैठकीची सूचना अर्थातच दोघांनाही जाते. येण्याचं बंधन नाही याचा अर्थ बोलावणं पाठवायचं नाही असा होत नाही.

नामांकन समितीबद्दल पुस्तकाचा सूर बदलतो. एरवी 'बायलॉज म्हणतील तसं' म्हणणारं हे पुस्तक इथे थेट सल्ला देतं. चालू असलेल्या संस्थेत ही समिती प्रेसिडेंटने नेमू नये आणि तिच्यावर बसूही नये, पदसिद्ध म्हणूनही नाही. हे कलम 46 मध्ये, निवडणुकीच्या प्रकरणात आहे. पदसिद्ध सदस्यत्वाचं कलम लिहिताना नामांकन समितीचा अपवाद करा, हे कलम 56 मध्ये, बायलॉज कसे लिहावेत त्या भागात. कारण सांगायला नको. पुढचे पदाधिकारी कोण, हे सुचवण्याच्या खोलीत आजचा पदाधिकारी बसला, तर समोरच्याचं तोंड किती उघडेल? मात्र सल्ला वेगळा आणि नियम वेगळा. तुमच्या बायलॉजमध्ये नुसतं 'सर्व समित्या' असं लिहिलं असेल, तर त्यात नामांकन समितीही येते. पुस्तकातला सल्ला दाखवून प्रेसिडेंटला बाहेर काढता येणार नाही. बायलॉज वरचे, पुस्तक खालचं. आणि बायलॉजच्याही वर संस्थेला लागू असलेला कायदा. मंडळाच्या समितीवर संचालक नसलेली व्यक्ती चालते का, असले प्रश्न आधी कायद्यात बघावे लागतात, पुस्तक नंतर.

समितीचा अहवाल अध्यक्षांच्याच समोर येणार, या पहिल्या आक्षेपात थोडं तथ्य होतं. त्याचं उत्तर पुस्तकात मंडळाच्या आकारावर अवलंबून आहे. सुमारे बारापेक्षा जास्त सदस्य हजर नसतील अशा मंडळासाठी कलम 49 च्या एकविसाव्या परिच्छेदात सैल नियम दिले आहेत. ठरावाला अनुमोदन लागत नाही, उभं राहून बोलावं लागत नाही, ठराव समोर नसतानाही अनौपचारिक चर्चा चालते, आणि अध्यक्षाला खुर्ची न सोडता बोलता येतं, ठराव मांडता येतो, मत देता येतं. आमचं मंडळ एवढंच आहे. त्यामुळे अध्यक्षांनी वित्त समितीत जे मत दिलं तेच मंडळात मोकळेपणाने मांडलं तरी नियम मोडत नाही. मोठ्या सभेत हे चालणार नाही. तिथे अध्यक्षाने तटस्थ दिसायला हवं. समितीच्या शिफारशीवर त्याला बोलायचंच असेल, तर खुर्ची उपाध्यक्षाकडे द्यायची आणि तो मुख्य ठराव निकालात निघेपर्यंत परत घ्यायची नाही.

मोठ्या सभेतल्या मताबद्दलही लोकांच्या डोक्यात अर्धंच वाक्य असतं: अध्यक्षाने फक्त बरोबरी फोडायला मत द्यायचं. पुस्तक म्हणतं, त्याच्या मताने निकाल बदलत असेल तेव्हा तो मत देऊ शकतो, आणि मतदान चिठ्ठीने असेल तेव्हा इतरांबरोबर देतोच. म्हणजे बरोबरी फोडू शकतो तशी करूही शकतो. दहा विरुद्ध नऊ असताना विरोधात मत टाकून दहा-दहा केलं की ठराव पडला. हे पहिल्यांदा कळल्यावर आमच्या कोषाध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एक गमतीचा भाग कलम 52 मध्ये मिळाला, जो आमच्या वादाला तसा लागू नाही, पण सोडवत नाही. संपूर्ण सभाच समिती होऊन बसते अशी एक पद्धत आहे. तिथे सभेचा अध्यक्ष खुर्चीवरून उतरतो, दुसऱ्या कोणाला तरी समितीचा अध्यक्ष नेमतो आणि स्वतः सदस्यांत जाऊन बसतो. याचं मूळ इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहात आहे. तिथला स्पीकर एके काळी राजाच्या बाजूचा मानला जाई. सदस्यांना पैशाच्या आणि करांच्या गोष्टी त्याच्यादेखत बोलायच्या नसत. म्हणून सभागृहाचंच समितीत रूपांतर करायचं, दुसरा अध्यक्ष बसवायचा आणि मोकळेपणाने बोलायचं. समितीत अध्यक्षाने असावं की नसावं ही कुरबुर आमच्या मंडळात जन्मली नाही, एवढं तरी यावरून कळलं.

आता तक्रारी. वर जे सांगितलं ते गोळा करायला मला कलम 46, 47, 49, 50 आणि 56 मध्ये फिरावं लागलं. मतदानासाठी आणखी कलम 44. 'अध्यक्ष आणि समित्या' असं एक प्रकरण कुठेच नाही. प्रत्येक कलम दुसऱ्याकडे बोट दाखवतं. दुसऱ्या कलमात गेलात की ते तिसऱ्याचा पत्ता देतं. सूची चांगली आहे, पण आपल्या मनातला शब्द आणि सूचीतला शब्द जुळेपर्यंत वेळ जातो. भाषा वकिली नाही, तरी वाक्यं लांब. एका वाक्यात मुख्य नियम, अपवाद आणि अपवादाचा अपवाद, तिन्ही. बैठक चालू असताना ताबडतोब काही शोधायचं असेल, तर रंगछटा दिलेली तक्त्यांची वेगळी पानं तेवढी उपयोगी पडतात. कोणत्या ठरावाला अनुमोदन लागतं, कोणत्यावर चर्चा होते, कोणत्याला दोन तृतीयांश मतं लागतात, हे तिथे एका नजरेत मिळतं. समित्यांच्या रचनेचे प्रश्न तिथे सुटत नाहीत. ते घरी बसूनच सोडवायचे.

बाराव्या आवृत्तीत एक बदल मात्र मनापासून आवडला. आता संदर्भ पानाच्या आकड्याने द्यायचा नाही, कलम आणि परिच्छेद यांच्या आकड्याने द्यायचा. 49:21 म्हटलं की तुमच्याकडे पुठ्ठा बांधणीची प्रत असो की साधी, बोट त्याच परिच्छेदावर जातं. इतिवृत्तात संदर्भ टाकायला हे फार सोयीचं आहे. शेवटी इलेक्ट्रॉनिक बैठकांसाठी नमुन्याचे नियमही जोडले आहेत. दूरस्थ बैठका घेणाऱ्या मंडळांनी ते आधी वाचावेत, कारण बायलॉजमध्ये परवानगी असल्याशिवाय अशा बैठका घेऊ नयेत असं पुस्तकाचं म्हणणं आहे.

लेखकाबद्दल थोडं, कारण पुस्तकाचा स्वभाव त्यातून कळतो. हेन्री मार्टिन रॉबर्ट हा अमेरिकन सैन्यातला अभियंता. 1863 साली न्यू बेडफर्डला त्याला अचानक चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद दिलं गेलं आणि सभा त्याच्या हाताबाहेर गेली. तेव्हापासून त्याने सभाशास्त्राचा पिच्छा पुरवला. 1876 साली पहिली आवृत्ती निघाली. चार हजार प्रती दोन वर्षं पुरतील असा त्याचा अंदाज होता, त्या चार महिन्यांत संपल्या. 1970 च्या मोठ्या पुनर्लेखनामागे त्याची सून सारा कॉर्बिन रॉबर्ट होती. अभियंत्याचा हात अजून जाणवतो. प्रत्येक सांधा कुठे बसतो ते दाखवलेलं असतं, फक्त घरात शिरायचा दरवाजा कुठे ते शोधावं लागतं.

घेताना एक काळजी घ्या. रॉबर्टच्या नावाची पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत, त्यातली बरीचशी 1876 किंवा 1915 च्या मजकुराची पुनर्मुद्रणं. त्या मजकुरावर आता कोणाचा हक्क नाही, म्हणून कोणीही छापतं. मुखपृष्ठ नवं, आतलं सगळं शंभर वर्षांपूर्वीचं. बायलॉजमध्ये नुसतं 'रॉबर्टचे नियम' असं लिहिलेलं असेल तर चालू अधिकृत आवृत्तीच लागू होते, असं बारावी आवृत्ती स्वतःबद्दल सांगते. नावात 'न्यूली रिव्हाइज्ड' आणि 'ट्वेल्फ्थ एडिशन' हे दोन्ही बघूनच घ्या. आमच्या तिसऱ्या बाईंच्या घरी नंतर जी प्रत निघाली ती अशीच जुनी होती.

बाराव्या आवृत्तीच्याच लेखकमंडळींनी काढलेलं 'इन ब्रीफ' नावाचं लहान पुस्तक आहे. नव्याने मंडळावर आलेल्या संचालकाच्या हातात मी तेच देते. ठराव कसा मांडायचा, दुरुस्ती कशी सुचवायची, हरकतीचा मुद्दा कधी उठवायचा, हे त्यात सरळ सांगितलंय आणि मोठ्या पुस्तकातले संदर्भही दिलेत. पण वाद मिटवायला ते पुरत नाही, आणि संस्थेचा अधिकृत नियमग्रंथ म्हणून ते स्वीकारू नका हे त्यातच लिहिलेलं आहे. मोठं एक सचिवाकडे, लहान प्रत्येकाकडे, ही वाटणी मला योग्य वाटते. वाचायला सोपं काही हवं असेल तर 2012 साली आलेलं 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पार्लमेंटेरियन्स'चं स्टँडर्ड कोड बघा. त्याची भाषा मोकळी आहे. पण तुमच्या बायलॉजमध्ये रॉबर्टचं नाव असेल तर त्यातला संदर्भ बैठकीत चालणार नाही.

एक तारा मी कलमांच्या भटकंतीसाठी कापलाय. मजकुराबद्दल तक्रार नाही. फक्त एका ठिकाणी माझं मत पुस्तकापेक्षा कडक आहे. सर्व समित्यांवर पदसिद्ध असण्याचं कलम ते खुशाल चालू देतं. मला ते मुळातच पटत नाही. ज्या समितीवर अध्यक्ष हवे असतील तिथे नावाने नेमा, कोरममध्ये मोजा, आणि बाकीच्या समित्यांना त्यांच्याविना काम करू द्या. आमच्या प्रेसिडेंटच्या वाक्यातून 'सर्व' हा शब्द काढण्याची दुरुस्ती मी पुढच्या बैठकीसाठी आगाऊ सूचनेत घातली आहे. सुचवलेल्या नव्या वाक्यात त्याऐवजी तीन समित्यांची नावं आहेत, त्यात नामांकन समिती नाही. आमच्या बायलॉजमध्ये दुरुस्तीची रीत वेगळी दिलेली नाही, तेव्हा पुस्तकाप्रमाणे आगाऊ सूचना आणि दोन तृतीयांश मतं पुरतील. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी ती सूचना वाचल्यापासून पुस्तक माझ्याकडून दोनदा मागून नेलंय.